उष्णता, ऊर्जा आणि छोट्या चित्रफिती : वाचकांचे प्रश्न

गेल्या काही आठवड्यांत विज्ञान शिकवणाऱ्या वाचकांची जी पत्रे आली, त्यांतील बरीच एकाच विषयाची होती : उष्णता आणि ऊर्जा हे पाठ शिकवताना छोट्या शैक्षणिक चित्रफितींचा उपयोग कसा करावा, आणि तो कोठवर करावा. त्यांपैकी पाच प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : मी सातवीच्या वर्गाला विज्ञान शिकवते. उष्णतेच्या वहनावरची चार मिनिटांची एक सुबक चित्रफीत मी वर्गात दोनदा दाखवली. मुलांनी ती मन लावून पाहिली आणि समजल्याचेही सांगितले. दुसऱ्या दिवशी मात्र निम्म्याहून अधिक मुलांनी लिहिले, की एकाच खोलीत ठेवलेल्या दोन चमच्यांपैकी धातूचा चमचा लाकडी चमच्यापेक्षा थंड असतो. माझे कोठे चुकले?

उत्तर : आपले चुकले असे मी म्हणणार नाही. मुलांच्या मनात आधीपासून जे असते त्याची दखलच न घेता बहुतेक चित्रफिती थेट योग्य उत्तर सांगू लागतात, आणि अडचण तेथे सुरू होते. धातूला हात लावला की तो गार लागतो, हा मुलांचा रोजचा अनुभव आहे आणि तो खोटा नाही. त्या अनुभवावरून काढलेला निष्कर्ष तेवढा चुकीचा आहे. निवेदक ‘धातू उष्णतेचे सुवाहक असतात’ असे सांगतो तेव्हा मूल ते वाक्य आपल्या जुन्या समजुतीशेजारी ठेवून देते. दोन्हींची गाठ पडत नाही आणि जुनी समजूत जागच्या जागी राहते.

सिडनी विद्यापीठात डेरेक म्युलर यांनी २००८ साली पूर्ण केलेल्या पीएच.डी. संशोधनात हीच गोष्ट तपासली आहे. त्यांचा विषय बल आणि गती हा होता, उष्णता नव्हे, परंतु निष्कर्ष येथेही तितकाच लागू पडतो असे मला वाटते. नीटनेटके, सरळ स्पष्टीकरण देणारी चित्रफीत विद्यार्थ्यांना सोपी आणि स्पष्ट वाटली, पण त्यांचे गुण फारसे वाढले नाहीत. उलट, जिच्यात चुकीची समजूत आधी मोकळेपणाने मांडून मग तिची चिकित्सा केली होती, ती चित्रफीत त्यांना गोंधळात टाकणारी वाटली, पण शिकले ते तिच्यातूनच अधिक. ‘समजले’ हा मुलांचा शब्द प्रामाणिक असतो. चित्रफितीत आपण पूर्वीपासून मानतो तेच सांगितले आहे, अशी त्यांची खरोखरच भावना झालेली असते.

म्हणून पुढच्या वेळी चित्रफितीआधी एक प्रश्न ठेवावा. रात्रभर एकाच खोलीत राहिलेला अ‍ॅल्युमिनियमचा एक ठोकळा आणि तेवढाच लाकडी ठोकळा मुलांच्या हाती द्यावा, आणि विचारावे : दोन्हींवर बर्फाचा एकेक सारखा खडा ठेवला, तर कोणता आधी वितळेल? प्रत्येकाने उत्तर कारणासह वहीत लिहावे. बहुसंख्य मुले लाकडाचे नाव घेतील, कारण धातू ‘थंड’ आहे. त्यानंतर चित्रफीत सुरू करावी आणि बर्फ ठेवल्याच्या क्षणी ती थांबवून पुन्हा एकदा हात वर करून घ्यावेत. धातूवरचा बर्फ डोळ्यांदेखत पाणी होऊ लागतो तेव्हा वर्गात जी शांतता पसरते, तिच्यासाठीच हा सारा खटाटोप करायचा असतो. दोन्ही ठोकळ्यांना तापमापी लावून दाखवावा. तापमान सारखेच निघेल. अ‍ॅल्युमिनियम लाकडाच्या हजार पटींहून अधिक चांगले वाहक असल्याने आपल्या बोटांतील उष्णता ते झपाट्याने ओढून घेते, आणि बर्फाला ती तितक्याच झपाट्याने पुरवते, हे वाक्य आता सांगितले तर त्याला बसायला जागा मिळते.

एवढ्यावर थांबू नये. धातूचा आणि प्लॅस्टिकचा चमचा सुमारे ४५ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात दहा मिनिटे बुडवून ठेवावेत आणि पुसून हातात द्यावेत. आता तोच धातू अधिक गरम लागतो. ‘धातू मुळातच थंड असतो’ या समजुतीला यानंतर आधार उरत नाही. हा दुसरा प्रयोग चित्रफितींत सहसा नसतो. तो आपण स्वतः जोडावा.

प्रश्न : अशा चित्रफितींची लांबी किती असावी?

उत्तर : एडएक्स या ऑनलाइन शिक्षणमंचावरील अभ्यासक्रमांत चित्रफिती पाहिल्याच्या सुमारे ६९ लाख नोंदी तपासून २०१४ साली संशोधकांनी असे दाखवले, की चित्रफीत कितीही लांब असली तरी प्रेक्षक साधारण सहा मिनिटांपलीकडे तिच्यात गुंतून राहत नाहीत. ते प्रेक्षक मोठ्या वयाचे आणि स्वेच्छेने शिकणारे होते. शाळेतील वर्गासाठी मी तीन ते चार मिनिटे आणि एकच प्रश्न, असे प्रमाण धरतो. वहन, अभिसरण आणि प्रारण हे उष्णता पसरण्याचे तिन्ही प्रकार पाच मिनिटांत उरकणारी चित्रफीत उजळणीसाठी ठीक आहे. पहिल्यांदा शिकवण्यासाठी ती वापरू नये.

प्रश्न : उष्णता आणि तापमान यांतील फरक, तसेच अप्रकट उष्मा, म्हणजे तापमान न वाढवता पदार्थाची अवस्था बदलण्यात खर्च होणारी उष्णता, हे भाग मुलांना अतिशय कठीण जातात. यासाठी कोणत्या प्रकारची चित्रफीत निवडावी?

उत्तर : या दोन कल्पनांवर पुढचे सगळे उष्माशास्त्र उभे आहे, म्हणून याचे उत्तर जरा सविस्तर देतो.

पहिल्या फरकासाठी चित्रफितीपेक्षा फळ्यावरचे एक गणित अधिक कामाचे आहे. खोलीचे तापमान २० अंश सेल्सिअस आहे असे धरू. एका भांड्यात ८० अंशांचे २०० ग्रॅम पाणी आहे आणि एका बादलीत ४० अंशांचे १० किलोग्रॅम पाणी आहे. दोन्ही खोलीच्या तापमानापर्यंत निवतील तेव्हा अधिक उष्णता कोण देईल? एक ग्रॅम पाणी एका अंशाने निवताना एक कॅलरी उष्णता देते, म्हणून भांड्यातील पाणी १२,००० कॅलरी देईल, बादलीतील २,००,००० कॅलरी, म्हणजे जवळजवळ सतरा पट. तापमापीवरचा मोठा आकडा आणि उष्णतेचा मोठा साठा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुले स्वतः आकडेमोड करून पाहतात तेव्हा ते त्यांच्या लक्षात राहते.

अप्रकट उष्म्याच्या बाबतीत मात्र चित्रफीत चांगली साथ देऊ शकते, परंतु तेथेच ती मोठी हानीही करू शकते. एका ठरावीक दराने उष्णता देणाऱ्या शेगडीवर शून्य अंशाचा बर्फ ठेवला आणि वितळून झालेले पाणी शून्यापासून शंभर अंशांपर्यंत तापायला १० मिनिटे लागली, असे समजा. मग त्याआधी तो बर्फ नुसता वितळायला ८ मिनिटे लागलेली असतात, आणि पुढे ते सारे पाणी उकळून त्याची वाफ व्हायला तब्बल ५४ मिनिटे लागतात. कारण एक ग्रॅम बर्फ वितळायला सुमारे ८० कॅलरी, म्हणजे ३३४ ज्यूल उष्णता लागते, आणि एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५४० कॅलरी, म्हणजे २२६० ज्यूल. त्या ८ आणि ५४ मिनिटांत तापमापीचा पारा हलत नाही.

आता चित्रफीत तयार करणारा काय करतो, ते पाहा. ‘काहीच घडत नाही’ म्हणून हीच मिनिटे तो संकलनात कापून टाकतो आणि आकडा चढत असतानाचा भाग तेवढा ठेवतो. वास्तविक धडा त्या कापलेल्या मिनिटांतच होता. खाली शेगडी चालू आहे, उष्णता सतत आत जात आहे, आणि तरीही आकडा जागचा हलत नाही, हे विलक्षण दृश्य विद्यार्थ्याला दिसतच नाही. ग्लासगो येथे शास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक यांनी १७६१च्या सुमारास अप्रकट उष्म्याचा शोध घेतला, तो अशाच संथ वितळण्याकडे चिकाटीने लक्ष देऊन. तेव्हा निवड करताना एवढेच तपासावे, की पडद्याच्या एका कोपऱ्यात घड्याळ आहे का, शेजारी तापमापी सतत दिसतो का, आणि चित्रण वेगाने दाखवले असले तरी सर्व टप्प्यांत तो वेग एकसारखाच ठेवला आहे का. तसे असेल तर मुलांना दर दहा सेकंदांनी आकडा टिपून स्वतः आलेख काढू द्यावा. आलेखातली आडवी रेघ आपल्या हाताने ओढलेले मूल ती सहजासहजी विसरत नाही.

प्रश्न : आमच्या शाळेत प्रयोगशाळा नाही. प्रयोगांच्या चित्रफिती दाखवल्या तर ती उणीव भरून निघेल काय?

उत्तर : काही अंशी भरून निघेल. जे धोक्याचे आहे, फार सावकाश घडते, फार वेगाने घडते किंवा डोळ्यांना दिसतच नाही, ते पडद्यावर पाहावे. जे हाताला जाणवते, ते हातानेच शिकावे. एकमेकांवर घासलेले तळवे ऊबदार होतात, हे पडद्यावर पाहण्यात काही अर्थ नाही.

एक उदाहरण देतो. शास्त्रज्ञ काउंट रम्फर्ड यांनी १७९८ साली म्यूनिक येथील तोफा कोरण्याच्या कामाविषयीचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. पाण्यात बुडवलेल्या तोफेत बोथट हत्यार फिरत राहिले आणि सुमारे अडीच तासांनी ते पाणी विस्तवाशिवाय उकळू लागले. उष्णता हा एक द्रवपदार्थ असून तो वस्तूंत भरलेला असतो, या त्या काळच्या मताला या प्रयोगाने मोठा धक्का दिला. ही कथा चित्रफितीतून अवश्य दाखवावी. परंतु तिच्यानंतर सुमारे एक मीटर लांबीची, दोन्ही टोके बंद केलेली पुठ्ठ्याची नळी घ्यावी, तिच्यात पोलादाचे बारीक छर्रे भरावेत, त्यांचे तापमान मोजावे, नळी शंभर वेळा उलटी-सुलटी करावी आणि पुन्हा तापमान मोजावे. हिशेबाने ते सुमारे दोन अंशांनी वाढायला हवे. प्रत्यक्षात वाढ कमी दिसेल, आणि ती कमी का दिसली यावरची चर्चा हाच त्या तासाचा सर्वांत मोलाचा भाग ठरेल. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. अंशाचा दहावा भाग दाखवणारा एक साधा डिजिटल तापमापी पुरतो.

चित्रफितीतले प्रयोग नेहमी यशस्वी होतात, ही त्यांची एक मर्यादा आहे. मोजमापात चूक होते, उष्णता इकडेतिकडे निसटते, हा अनुभव विद्यार्थ्याला स्वतःच्या हातूनच यायला हवा.

प्रश्न : माझ्या वर्गातील एका मुलीने विचारले, ‘ऊर्जा नष्ट होत नाही, तर मग ती वाचवायची कशासाठी?’ मला समाधानकारक उत्तर देता आले नाही. यासाठी एखादी चित्रफीत सुचवाल का? शिवाय मला स्वतः चित्रफिती तयार करायच्या आहेत. त्यांत काय टाळावे?

उत्तर : त्या मुलीचे माझ्या वतीने अवश्य कौतुक करावे. ऊर्जा अक्षय्यतेचा नियम पाठ करणारी मुले पुष्कळ भेटतात. त्याच्या पुढचा प्रश्न विचारणारी फार थोडी.

आपल्याला चित्रफिती तयार करायच्याच आहेत, तर आरंभ याच प्रश्नापासून करावा. मोबाइलवर दोन छोटी दृश्ये टिपावीत. एकात दोरीला टांगलेला लंबक चार-पाच झोके घेताना दिसावा. दुसऱ्यात हातातून सोडलेला रबरी चेंडू उसळत उसळत अखेर जमिनीवर स्थिर व्हावा. दोन्ही दृश्ये मुलांना आधी उलट क्रमाने दाखवावीत. लंबकाचे दृश्य उलटे आहे हे कोणालाही ओळखता येणार नाही, पण जमिनीवर निपचित पडलेला चेंडू आपोआप उसळू लागून वर वर चढत हातात येतो, हे पाहताच सारा वर्ग ‘हे उलटे आहे’ असे म्हणेल. मग विचारावे, की हे अशक्य का वाटते? ऊर्जा अक्षय्यतेचा नियम तर त्याला आडकाठी करत नाही. चेंडू थांबला तेव्हा त्याची गतिज ऊर्जा जमिनीच्या, हवेच्या आणि चेंडूच्या असंख्य कणांच्या विस्कळीत हालचालीत वाटली गेली. ती आजही तेथेच आहे, फक्त ते सारे कण एकाच क्षणी एकाच दिशेने धक्का देऊन ती परत करतील, याची शक्यता नसल्यातच जमा आहे. आपण ‘ऊर्जा वाचवा’ म्हणतो तेव्हा वाचवायची असते ती ऊर्जेची एकवटलेली, कामाला लावता येणारी अवस्था. दृश्य उलटे फिरवणे ही सोय फळ्याला नाही आणि प्रयोगशाळेलाही नाही. ती चित्रफितीलाच आहे, आणि तिचा उपयोग इतका कमी का होतो याची मला खंत वाटते.

टाळायच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. कणांचे चित्र काढताना तापलेले कण आकाराने मोठे दाखवू नयेत. कणांची हालचाल वाढते आणि त्यांच्यातील सरासरी अंतर वाढते, कण स्वतः फुगत नाहीत. थंड वस्तूचे कण अगदी स्तब्ध दाखवणेही चुकीचे आहे. उष्णता म्हणजे एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात वाहणारा लाल रंग, असे चित्र रम्फर्ड यांनी ज्या मताला धक्का दिला तेच मत मुलांच्या मनात पुन्हा रुजवते. ‘थंडी आत शिरते’ असा बाणही नको. ‘उष्णता वर जाते’ हे वाक्य निवेदनातून काढून ‘गरम हवा वर जाते’ असे लिहावे, कारण वहन आणि प्रारण यांना वर-खाली असा भेद नसतो. वस्तूंचे प्रारण टिपून त्यांचे तापमान रंगांत दाखवणाऱ्या अवरक्त कॅमेऱ्याचे चित्रण वापरणार असाल, तर त्यातील रंग यंत्राने दिलेले आहेत हे स्पष्ट सांगावे, आणि चकचकीत धातूचे भांडे चित्रणासाठी घेऊ नये. तसा पृष्ठभाग स्वतः फारच थोडे प्रारण बाहेर टाकतो, त्यामुळे उकळत्या पाण्याने भरलेले भांडेही कॅमेऱ्यात थंड दिसते. बाहेरून काळ्या रंगाची किंवा कागदी चिकटपट्टी लावली, की तेवढ्या भागाचे तापमान बरेचसे बरोबर दिसते.