एफडीचं नंतर, आधी ती सही

बार्शीचे एक निवृत्त शिक्षक (वय 61) विचारतात : "पुतण्या चिंचोळी एमआयडीसीत उसाच्या बगॅसपासून (चोथ्यापासून) सर्फॅक्टंट, म्हणजे तेल-पाणी मिसळवणारं साबणासारखं द्रव्य, बनवणार आहे. समुद्रात सांडलेल्या तेलाचा तवंग त्याने फुटतो. 5,000 लिटरची टाकी, वर्षाला 50 टन माल, 24 टक्के परतावा. 10 लाखांची एफडी मोडून देऊ का? मी फर्ममध्ये फक्त नावाला भागीदार आहे. बँकेचं 40 लाखांचं कर्ज फर्मच्या नावावर आहे."

एफडी मोडू नका. पण गुरुजी, घोळ तुमच्या शेवटच्या दोन वाक्यांत आहे.

1932 च्या भागीदारी कायद्यात 'नावाला' भागीदाराला वेगळी सवलत नाही. फर्मचं देणं प्रत्येक भागीदाराचं, आणि तेही पूर्ण. हप्ते थकले तर वसुली तुमच्या राहत्या घरापर्यंत येऊ शकते. 10 लाख दिलेत तर पणाला 50 लाख लागतात. नाही दिलेत तरी 40 लागलेलेच आहेत. कर्ज अजून पूर्ण उचललं नसेल तर याच आठवड्यात हालचाल करा. भागीदारीतून निवृत्तीचा करार, रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे सूचना, राजपत्रात आणि स्थानिक मराठी दैनिकात जाहिरात. एवढं करूनही जुनं देणं सुटत नाही. बँकेकडून मुक्ततेचं लेखी पत्र घ्या. जामीनदार म्हणून वेगळी सही केलीय का, तेही बघा. ती असेल तर नुसतं भागीदारीतून बाहेर पडून भागणार नाही.

आता ते 24 टक्के. हा माल जिवाणूंकडून साखर आंबवून बनतो. आंबवताना हवा सोडली की फेस उसळतो, म्हणून टाकी 3,500 लिटरच भरायची. आठवड्याला एक घाणा, वर्षाला 50. लिटरमागे 5 ग्रॅम माल धरला तर पावणेनऊशे किलो. पाचपट पातळ करून विकलंत तरी साडेचार टनांच्या आतच. पुतण्याच्या प्रकल्प अहवालातले 50 टन कुठून आले? शिवाय बगॅसमधली साखर आम्लाने सोडवताना फुरफुरल नावाचं रसायन तयार होतं आणि जिवाणूंची वाढ खुंटते. बगॅस फुकटही नाही, कारखाने ते जाळून वीज विकतात.

आणि घेणार कोण? मालाच्या एका भागाला वीस भाग तेल धरलं, तर 50 टनांना हजार टन तेल सांडायला हवं, दरवर्षी. 2010 मध्ये मुंबईजवळ एमएससी चित्रा या जहाजातून सुमारे 800 टन सांडलं होतं. तटरक्षक दलाच्या मान्यतेशिवाय समुद्रात असं काही फवारता येत नाही, ते वेगळंच. सांगोल्याचे डाळिंबवाले फवारणीत स्टिकर (औषध पानाला चिकटवणारं असंच द्रव्य) दर हंगामाला वापरतात. ते गिऱ्हाईक अहवालात का नाही, हे पुतण्याला विचारा.

एफडीला 8 टक्के व्याज धरलं तर तुमचे 10 लाख वर्षाला 80 हजार देतात. मदत करायचीच असेल तर लाखभर द्या, परत येणार नाहीत असं धरून, आणि कुठेही सही न करता.