जुना ट्रक धूर ओकतोय? लगेच नोझल खोलू नको

भाऊ, लळिंग घाटात गाडी ओढत नाही, काळा धूर ओकते, म्हणून थेट नोझलला (सिलिंडरमध्ये डिझेल फवारतो तो भाग) हात घालू नको. आधी एअर फिल्टर बघ, आपल्या खान्देशच्या उन्हाळ्यात तो धुळीनंच चोंदतो. मग डिझेल फिल्टरमधलं पाणी काढ, हँडपंप मारून डिझेल लाइनमधली एअर काढ. बरीचशी दुखणी इथंच मिटतात.

तरीही मिसिंग असेल, म्हणजे एखादा सिलिंडर नीट पेटत नसेल, तर इंजिन आयडलवर (रेस न देता) चालू ठेव आणि एकेका नोझलच्या पाइपचा नट किंचित सैल कर. इंजिनचा आवाज पडला तर तो सिलिंडर काम करतोय. काहीच फरक पडला नाही, तर घोटाळा तिथंच. फवाऱ्यासमोर बोट नेऊ नको, त्या दाबाचं डिझेल कातडीत घुसतं आणि मग थेट दवाखाना. (हे फक्त जुन्या पंपाच्या इंजिनला. कॉमन रेलवर, म्हणजे कॉम्प्युटरवाल्या नव्या इंजिनवर, चुकूनही नको.)

नोझल काढलंस की भोकात टॉर्च मार. जुना तांब्याचा वॉशर खालीच चिकटून राहतो, त्यावर नवा बसतो, नोझल उंच राहतं आणि मग नवं नोझल टाकूनही धूर जात नाही.

नोझल दुकानात टेस्टिंगला दिलंस की स्वतः तिथं उभा राहा. फवारा धुक्यासारखा बारीक हवा. टोकाला थेंब लटकला तर टिप बदलूनच घे. दुकानवाले नुसतं ‘साफ केलंय’ म्हणाले तर पैसे देऊ नको.