टप्प्याटप्प्याने प्रवास करताना मधल्या काळात मोटरसायकल परदेशात कुठे आणि कशी ठेवावी?

तुम्ही विचारलंय की सलग आठ-दहा महिन्यांची सुट्टी मिळणं शक्य नाही, म्हणून मोटरसायकलवरचा लांबचा प्रवास तीन टप्प्यांत करायचा आहे. दर टप्प्यानंतर विमानाने घरी यायचं आणि गाडी तिथेच ठेवायची. अशा वेळी ती कुठे ठेवावी, आणि चोरीची भीती कितपत असते?

चोरीची भीती मला सगळ्यात कमी वाटते. कुलूपबंद शेडमध्ये कव्हर घालून उभी असलेली गाडी रोज रात्री हॉटेलबाहेर उभ्या राहणाऱ्या गाडीपेक्षा कितीतरी सुरक्षित असते. गाडी हातची जाण्याचा खरा धोका असतो कागदावर लिहिलेल्या तारखेत. म्हणून आधी देश ठरवा, जागा नंतर शोधा. मी पहिल्या वेळी हे उलट केलं.

परदेशी नंबरची गाडी सीमेवर आली की कस्टम्स तिला तात्पुरत्या आयातीची परवानगी देतं. आयात कर न भरता ही गाडी इतके दिवस देशात राहू शकते, त्याआधी ती बाहेर गेली पाहिजे, असा तो व्यवहार. तुम्ही घरी आलात तरी गाडीचे दिवस मोजणं थांबत नाही. तुमच्या व्हिसाचे दिवस वेगळे आणि गाडीचे वेगळे, हे डोक्यात पक्कं बसवा. शेंगेन देशांत, म्हणजे युरोपातल्या एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांत, व्हिसाशिवाय किंवा पर्यटक व्हिसावर माणसाला १८० दिवसांत ९० दिवस मिळतात, पण युरोपियन युनियनच्या बाहेर राहणाऱ्याच्या खासगी गाडीला तिथे ६ महिने मिळतात.

माझा पहिला टप्पा पेरूमध्ये संपला. कुस्कोत एका घराच्या मागच्या अंगणात चांगली छपराखालची जागा मिळाली, माणसं विश्वासाची होती, म्हणून मी निश्चिंत होऊन विमानात बसलो. पेरूत गाडीला ९० दिवस मिळतात. मुदत उलटली तर गाडी जप्त होऊ शकते, आणि तिथे हा नियम गांभीर्याने पाळला जातो. सत्तराव्या दिवशी परत जायचं ठरलं होतं. घरात आजारपण निघालं, तिकीट दोनदा पुढे ढकललं आणि मी कुस्कोत उतरलो तेव्हा ८५वा दिवस होता. पावसाळा चालू होता, बॅटरी उतरलेली, चेन गंजून ताठ झालेली. दीड दिवस गाडी चालू करण्यात गेला. मग पुनोमार्गे बोलिव्हियाच्या सीमेपर्यंतचं पाचशेहून जास्त किलोमीटर अंतर सगळं पठारावरच्या थंडीत आणि पावसात कापलं. ८८व्या दिवशी गाडी बाहेर काढली. टिटिकाका सरोवर उजव्या-डाव्या अंगाला होतं की नव्हतं, तेही मला धड आठवत नाही. ज्या रस्त्यासाठी वर्षभर पैसे साठवले, तो रस्ता मी तारखेच्या धाकाने पाहिलाच नाही, याची हळहळ अजून आहे.

दुसऱ्या वेळी मी टप्पा कुठे तोडायचा हे नकाशावर न ठरवता परवान्याच्या मुदतीवर ठरवलं. त्याच खंडात अर्जेंटिनात परदेशी पर्यटकाच्या गाडीला साधारण ८ महिने मिळतात आणि उरुग्वेत १२ महिने. म्हणून मी उरुग्वेपर्यंत गेलो आणि माँटेव्हिडिओच्या बाहेर एका शेतावरच्या गोठ्यात गाडी ठेवली. सात महिन्यांनी परत गेलो, तेव्हा हाताशी आणखी पाच महिने होते. मनाला जी स्वस्थता मिळाली तिच्यासाठी हजार किलोमीटरचा वळसा काहीच नाही.

तुमचा मार्ग कुठला ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून वेगवेगळ्या प्रकारांचा अंदाज देतो. मेक्सिकोत गाडीच्या परवान्याला १८० दिवस मिळतात आणि अनामत भरावी लागते. वेळेत गाडी बाहेर काढून परवाना रद्द करून घेतला नाही तर अनामत बुडते. कोस्टा रिकात मुदत ३ महिन्यांची असली, तरी कस्टम्सच्या ताब्यातल्या गोदामात गाडी ठेवली की परवान्याचे दिवस गोठतात. अशी सोय कुठे आहे का, हे प्रत्येक देशात विचारून बघावं. भाडं जास्त पडतं, पण कायद्याच्या दृष्टीने इतकी स्वच्छ व्यवस्था दुसरी नाही. तुर्कस्तानात मामला उलटा आहे. गाडीची नोंद तुमच्या पासपोर्टशी जोडलेली असते, त्यामुळे ती मागे ठेवून विमानतळावर गेलात तर अडकाल. आधी गाडी कस्टम्सच्या स्वाधीन करून तसा कागद घ्यावा लागतो. युरोपियन युनियनमध्ये लोक हमखास एक चूक करतात. जर्मनीतून ग्रीसला गेलं की ६ महिने नव्याने सुरू होतील असं त्यांना वाटतं. तसं होत नाही, कारण कस्टम्ससाठी तो सगळा एकच प्रदेश आहे. नवे ६ महिने हवे असतील तर गाडी स्वित्झर्लंड, सर्बिया, ब्रिटन अशा बाहेरच्या देशात न्यावी लागते. सीमेवर शिक्का मिळेलच असं नाही, म्हणून फेरी बोटीचं तिकीट, इंधनाची पावती असे पुरावे तारखेसह जपून ठेवा.

कार्नेटवर, म्हणजे गाडी परत बाहेर नेण्याची हमी म्हणून एखादी संस्था अनामत घेऊन देते त्या कस्टम्सच्या पुस्तकावर, प्रवास करत असाल तर आणखी एक घड्याळ चालू असतं. कार्नेट एक वर्षाचं असतं आणि ते वर्ष कार्नेट दिल्यापासून मोजतात, गाडी देशात शिरल्यापासून नाही. प्रत्येक पानाचे तीन भाग असतात: एक प्रवेशाच्या वेळी कस्टम्स फाडून घेतं, दुसरा बाहेर पडताना, आणि तिसऱ्यावर दोन्ही शिक्के बसून तो तुमच्याकडे राहतो. बाहेर पडल्याचा शिक्का नसेल तर तो देश कराची मागणी कार्नेट देणाऱ्या संस्थेकडे करतो आणि संस्था ती तुमच्या अनामतीतून वसूल करते. शिवाय कार्नेटला सहा महिने शिल्लक आहेत म्हणून त्या देशात सहा महिने मिळतात असंही नाही. सीमेवरच्या अधिकाऱ्याने तीन महिने लिहिले असतील तर तीनच. मुदत वाढवायची असेल तर ती संपण्याआधी संस्थेशी पत्रव्यवहार सुरू करा. घरी आल्यावर हे विसरणं फार सोपं असतं.

आता जागा. माझी पहिली पसंती मोटरसायकलच्या वर्कशॉपला. त्यांना गाड्या ठेवायची सवय असते, परत आल्यावर टायर, ऑइल, ब्रेक पॅड तिथेच होतं, आणि महिन्याच्या भाड्याबद्दल मोकळेपणी बोलता येतं. त्यानंतर कॅम्पिंगच्या जागा आणि शेतघरं. प्रवाशांची ये-जा असलेल्या शहरांत गाड्या सांभाळणं हाच काहींचा व्यवसाय असतो. सामान ठेवायची जी भाड्याची गोदामं असतात, तिथे टाकीत पेट्रोल असलेली गाडी चालते का ते आधी विचारा, अनेक ठिकाणी मनाई असते. ओळखीच्या माणसाकडे फुकट ठेवायला मी कचरतो. माणूस चांगलाच असतो, पण चौथ्या महिन्यात त्याला ती जागा हवी झाली तर संकोचाने तो बोलत नाही आणि गाडी हळूच बाहेर पावसात जाते. थोडे तरी पैसे द्या आणि एका पानावर लिहून ठेवा: गाडीचा नंबर, चासी नंबर, ठेवल्याची तारीख, भाडं, आणि गाडी कोणी चालवायची नाही हे स्पष्ट शब्दांत. बऱ्याच देशांत परवानाधारकाशिवाय दुसऱ्याने ती गाडी चालवणं हा कस्टम्सचा गुन्हा ठरतो, त्यामुळे हे अविश्वासाने लिहिलेलं नाही, हे त्यांनाही समजावून सांगा. एक चावी मात्र त्यांच्याकडे ठेवाच. आग लागली किंवा पाणी शिरलं तर गाडी ढकलून हलवता आली पाहिजे. नोंदणीचं मूळ पुस्तक आणि तात्पुरत्या आयातीचा मूळ परवाना तुमच्याबरोबर आणा, त्यांच्याकडे झेरॉक्स.

गाडी उभी करण्याआधीचा शेवटचा दिवस पूर्ण तिच्यासाठी मोकळा ठेवा. रात्रीच्या विमानाच्या दिवशी हे काम होत नाही. आधी धुवा आणि पूर्ण कोरडी होऊ द्या, चिखलाखाली ओल धरून राहते आणि गंज तिथूनच सुरू होतो. ऑइल परत आल्यावर बदलू असं वाटतं, पण आधीच बदला. वापरलेल्या ऑइलमध्ये ज्वलनातून आलेली आम्लं आणि पाणी असतं आणि ते महिनोन्‌महिने बेअरिंगवर बसून राहतं. टाकी लोखंडी असेल तर काठोकाठ भरा, म्हणजे आत हवा कमी राहते आणि दव धरून गंजत नाही. पेट्रोल टिकवणारं रसायन मिळालं तर ते टाकून दहा मिनिटं इंजिन चालवा, म्हणजे ते पुढच्या नळ्यांपर्यंत पोचतं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतलं पाणी शोषतं आणि लवकर बिघडतं. कार्ब्युरेटरची गाडी असेल तर त्याची वाटी न विसरता रिकामी करा, नाहीतर त्यातली पेट्रोलची बारीक छिद्रं (जेट) डिंकासारख्या थराने बुजतात आणि परत आल्यावरचा पहिला दिवस त्यातच जातो.

बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा. घड्याळ, अलार्म, ट्रॅकर थोडाथोडा करंट खातच असतात. शिशाची बॅटरी पूर्ण चार्ज असताना साधारण १२.७ व्होल्ट दाखवते. ती १२.४ च्या खाली रेंगाळली की प्लेटांवर सल्फेट चढतं आणि ते पुढे नीट उतरत नाही. उतरलेली बॅटरी कडक थंडीत गोठून फुटूही शकते, भरलेली सहसा गोठत नाही. लिथियमची असेल तर तार सोडवून अर्धी-पाऊण चार्ज ठेवली तरी पुरतं. आणि यजमानांना प्रेमाने सांगा, की दर आठवड्याला गाडी चालू करून ठेवू नका. पाच मिनिटांत इंजिन पुरतं तापत नाही, उलट आत आणि सायलेन्सरमध्ये पाणी साचतं. सायलेन्सरचं तोंड आणि एअर फिल्टरची वाट कापडाने बुजवा, उंदीर तिथे घरटं करतात. त्या बोळ्यांना लाल दोरी बांधून ती हँडलला अडकवा, म्हणजे काढायचं राहत नाही. चेनला भरपूर ग्रीस, टायरमध्ये थोडी जास्त हवा, सेंटर स्टँड असेल तर त्यावर. कव्हर हवा खेळणारं घ्या. प्लास्टिकखाली घाम धरतो.

विम्याचं थोडक्यात सांगतो. रस्त्यावर चालवण्यासाठी घेतलेला परदेशी विमा उभ्या गाडीच्या चोरीला किंवा आगीला बहुधा लागू नसतो, तो वेगळा मागावा लागतो. आणि तुम्ही परत जाईपर्यंत तो चालवण्याचा विमाही संपलेला असतो, म्हणून गाडी गेटबाहेर काढण्याआधी नवा घ्या. तुमच्या देशातली नोंदणी आणि तपासणी मधल्या काळात संपत नाही ना, तेही आत्ताच बघा. नोंदणी संपलेली गाडी सीमेवर पुढे जात नाही.

परतीचं तिकीट काढताना गाडीच्या शेवटच्या तारखेच्या किमान तीन आठवडे आधीचं काढा, आणि ती तारीख फोनबरोबर घरातल्या आणखी एका माणसाच्या कॅलेंडरवरही घाला. पोचल्यावर दोन दिवस तिथेच थांबा. पहिल्या दिवशी ब्रेक, टायर, बॅटरी आणि नळ्या बघायच्या, दुसऱ्या दिवशी सामान न लादता वीस-तीस किलोमीटर चालवून परत तिथेच यायचं. कुठल्या देशांतून जाणार आणि दोन टप्प्यांत किती महिन्यांचं अंतर पडणार, एवढं इथे लिहिलंत तर कुठे थांबणं सोयीचं पडेल ते मी नकाशा घेऊन बसून सांगेन.