शून्यसुद्धा लिहायचं असतं

प्रश्न : ताई, आठ वर्षं झाली, बागेत फुलपाखरू किंवा पतंग दिसला की मी वहीत नाव आणि तारीख लिहितो. आतापर्यंत ५९ जाती झाल्या. पण गेल्या दोन वर्षांत पानं भरतच नाहीत. फुलपाखरं कमी झाली, असं यावरून म्हणता येईल का?

उत्तर : नाही हो, म्हणता येणार नाही. माझ्याही पहिल्या चार वह्या अशाच आहेत, म्हणून सांगते. कोण कधी आलं ते त्या सांगतात, किती आले ते नाही. नवा पाहुणा आला की आपण धावत जाऊन लिहितो आणि रोजच्या लाइम फुलपाखराकडे तिसऱ्या वर्षी ढुंकूनही बघत नाही. तुमची पानं कोरी राहिली ती फुलपाखरं घटली म्हणून, की तुमची नवलाई ओसरली म्हणून? वहीला हे कळायला मार्ग नाही.

आठवड्यातून एकदा, ऊन असताना, ठरलेल्या वाटेनं पंधरा मिनिटं फिरा आणि मोजा. ब्रिटनमध्ये १९७६ पासून फुलपाखरांची गणती अशीच चालते : तीच वाट, दर आठवड्याला फेरी, दोन्ही बाजूंना अडीच मीटरच्या आत दिसेल तेवढंच धरायचं. एकही दिसलं नाही तर शून्य लिहा. पहिल्या वर्षी शून्य लिहायचा फार कंटाळा येतो. पण पुढे तुलना करायला बसलात की तेच शून्य कामी येतं.

पतंगांचं जरा अवघड, कारण तिथे मोजमाप आपल्या दिव्यावर अवलंबून. माझा मागच्या दारचा सीएफएल गेला आणि मी त्या जागी एलईडी लावला. पुढचे दोन महिने दिव्यापाशी टांगलेल्या चादरीवर पतंग निम्मेच. मी शेजारच्या फवारणीला बोल लावून मोकळी झाले होते! मग एका रात्री दिव्याकडे बघताना ट्यूब पेटली. पतंगांना अतिनील आणि निळसर उजेड ओढतो, आणि घरगुती एलईडीत अतिनील जवळजवळ नसतंच. त्यामुळे दिवा कुठला, किती वेळ लावला, हे दर वेळी लिहा. तिथीही लिहा, लख्ख चांदणं असलं की दिव्यावर गर्दी कमी होते. बागेतले बदलही टिपा. मी कढीपत्ता छाटला त्या वर्षी लाइम आणि कॉमन मॉरमॉन ही दोन्ही फुलपाखरं रोडावली. अळ्यांचं जेवणच मी कापलं होतं.

ओळखीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. माझ्या जुन्या वह्यांत कॉमन रोझ या फुलपाखराच्या नोंदी भरपूर आहेत. त्यांतल्या खऱ्या किती, देव जाणे. कॉमन मॉरमॉनच्या काही माद्या हुबेहूब कॉमन रोझसारखे पंख घेऊन फिरतात, कारण रोझ विषारी असल्यानं पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. फरक अंगात : रोझचं अंग लालभडक, मॉरमॉनच्या मादीचं काळं. मी तीन वर्षं नुसते पंख बघत होते. त्या ओळी खोडल्या नाहीत, पुढे पेन्सिलीनं प्रश्नचिन्हं केली. तुम्हीही शंका असेल तिथे तसंच करा आणि यापुढे अंगासकट फोटो काढत जा.

जुन्या वह्या मात्र टाकू नका. कोणती जात कुठल्या महिन्यात आली, एवढं त्यांतून नक्की निघेल. इंग्लंडमधल्या लेस्टरला जेनिफर ओवेन यांनी १९७२ पासून ३० वर्षं घरच्याच बागेची नोंद ठेवली; झाडं, किडे, पक्षी सगळं धरून २,६७३ जाती भरल्या. त्यामानानं तुमच्या ५९मध्ये पतंग फारच थोडे असणार. या अमावास्येला चादर लावून बघा. फक्त उजाडायच्या आत दिवा बंद करून चादर झटका. माझ्याकडे एक दयाळ पहाटेच येऊन बसतो आणि चादरीवरचे एकेक पतंग टिपतो.