बटरक्रीम पांढरंशुभ्र करायला टायटॅनियम डायऑक्साइड किती घालावं?

तुमचा प्रश्न असा: बटरक्रीम पिवळट दिसत होतं म्हणून टायटॅनियम डायऑक्साइडची पांढरी पावडर घातली, तर क्रीमभर ठिपके राहिले; नागपुरातच घरून केक विकता, तर ती किती घालावी आणि युरोपात बंदी असताना वापरावी का?

ठिपक्यांचं आधी सांगते. ही पावडर पाण्यातही विरघळत नाही आणि लोण्यातही नाही, ती नुसती पसरते. कोरडी टाकली की गुठळ्या धरते, मग बीटर कितीही फिरवा, फुटत नाहीत. वजनाने १ भाग पावडर आणि २ भाग ग्लिसरीन वाटीत घेऊन चमच्याच्या पाठीने घोटा. बोटांवर कण लागेनासा झाला की फेटायच्या सुरुवातीलाच लोण्यात घाला. अर्धा किलो क्रीमला १ ते २ ग्रॅम पावडर पुरे. चमच्याने मोजू नका, छोटा वजनकाटा घ्या.

पण तुमचं दुखणं पावडरीचं नाही, लोण्याचं आहे. इथल्या केकवाल्यांशी माझा जुना वाद आहे तो हाच. ‘व्हाइट’, म्हणजे हा पांढरा रंग, घातल्याशिवाय क्रीम पांढरं होतच नाही, असं क्लासमध्येसुद्धा शिकवून राहिले आणि मुली बाटल्याच्या बाटल्या ओतून राहिल्या. हे साफ चूक आहे.

मीठ घातलेल्या पिवळ्या टेबल बटरमध्ये बरेचदा ॲनाटोचा, म्हणजे एका झाडाच्या बियांचा, पिवळा-केशरी रंग असतो. त्यावर तुम्ही पांढरं ओतता, म्हणजे एका रंगावर दुसरा रंग. बिनमिठाचं पांढरं लोणी घ्या, म्हशीच्या दुधाचं मिळालं तर उत्तम. गायीच्या लोण्यात कॅरोटीन हे पिवळं रंगद्रव्य उतरतं, म्हशीच्या जवळपास नसतंच. मग ते एकटंच, साखरेशिवाय, मध्यम वेगावर ८-१० मिनिटं फेटा. टायटॅनियमचे कण उजेड विखुरतात म्हणून पांढरे दिसतात, आणि लोण्यात शिरलेले हवेचे बारीक बुडबुडे तेच काम फुकट करतात.

आता नागपूरचा मे महिना. हवा धरायला लोणी १८ ते २० अंशांवर हवं आणि आपलं स्वयंपाकघर दुपारी ३५च्या वर. लोणी भांड्याच्या कडेला चकाकायला लागलं, बीटरच्या पात्यावरून ओघळायला लागलं, की आतली हवा गेली आणि पिवळेपणा वर आला. तिथे पांढरा रंग वाढवून काही होत नाही, क्रीम पातळ ते पातळच राहतं. मशीन थांबवा, भांडं १५-२० मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, कडा घट्ट झाल्या की पुन्हा फेटा. शक्यतो पहाटे करा, भांड्याखाली बर्फाच्या पाण्याचं पातेलं ठेवा. पिठीसाखर चाळून तीन हप्त्यांत घाला. व्हॅनिला इसेन्स रंगहीन घ्या, तपकिरी नको. एवढं करूनही पिवळी झाक राहिली तर टूथपिकच्या टोकावर येईल एवढाच जांभळा जेल रंग. त्याहून जास्त झाला तर क्रीम राखाडी पडतं आणि ते परत आणता येत नाही.

व्हिप्ड टॉपिंग क्रीम आणि अंड्याच्या पांढऱ्याचं रॉयल आयसिंग मुळातच पांढरं असतं, त्यांत टायटॅनियम घालणं म्हणजे पैसे वाया. चॉकलेट केकवर पांढरी अक्षरं काढायची असतील, गडद थर झाकायचा असेल, तिथे मात्र याच्या तोडीचं काही नाही. व्हाइट चॉकलेटला तेलातलाच रंग घ्या, पाण्यातल्या जेलने ते आकसून गोळा होतं. आणि पांढरं केलेल्या क्रीममध्ये लाल टाकून गडद लाल मागू नका, गुलाबीच मिळेल.

कॅल्शियम कार्बोनेट हा पर्याय सुचवतात. त्याची झाकण्याची ताकद फार कमी, म्हणून जास्त घालावं लागतं आणि जिभेला खडूसारखं लागतं. संत्र्याच्या किंवा लिंबाच्या रसाचं आयसिंग असेल तर आम्लाशी भिडून फेसाळतं, आंबटपणाही मारतं.

बंदीचं: फ्रान्सने २०२० मध्ये, मग युरोपीय संघाने २०२२ मध्ये टायटॅनियम डायऑक्साइडचा अन्नातला वापर थांबवला. तिथल्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२१ मध्ये म्हटलं होतं की याने डीएनएला इजा होण्याची शक्यता नाकारता येत नाही. अमेरिकेत वजनाच्या १ टक्क्यापर्यंत चालतं. आपल्या २०११ च्या नियमांत च्युइंगगमला १ टक्का, फळपेयांच्या पावडर मिश्रणांना किलोला १०० मिलिग्रॅम अशी मर्यादा आहे. तुम्ही विकता, तेव्हा आपला केक कुठल्या वर्गात येतो ते एफएसएसएआयच्या, म्हणजे आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, नियमांत बघून घ्या आणि लेबलवर या रंगाचा क्रमांक आयएनएस १७१ लिहा. लहान मुलांच्या वाढदिवसाच्या केकमध्ये मी तरी घालत नाही.

सुटी, बिनलेबलची पुडी स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. रंगकामाच्या पावडरीच्या कणांवर ॲल्युमिना-सिलिकाचा लेप असतो आणि शिसं-आर्सेनिकची खाण्याच्या दर्जाची तपासणी तिच्यावर झालेली नसते. नुसत्या डोळ्यांनी दोन्ही सारख्याच दिसतात. पाकिटावर ‘फूड ग्रेड’, बॅच नंबर आणि १४ आकडी परवाना क्रमांक असेल तरच घ्या.