भट्टीत जाणाऱ्या कामाला कोणती टेप?

अंबडला पावडर कोटिंग, म्हणजे धातूवर कोरडी रंगपूड लावून ती भट्टीत पिकवायचं काम, सुरू करतोयस ना, मग जिथे रंग नको तिथे लावायची कागदी मास्किंग टेप भट्टीत घालू नकोस. पावडर १८० ते २०० अंश सेल्सिअसला पिकते. त्यात कागद करपतो, गोंद धातूवर बसतो आणि थिनरने घासत बसावं लागतं. सिलिकॉन गोंदाची हिरवी पॉलिएस्टर टेप घे. काढताना भाग कोमट असतानाच टोक मागे दुमडून सावकाश ओढ, कड स्वच्छ येते.

मोटार वाइंडिंगला मात्र पिवळसर पॉलिइमाइड, २६० अंशांपर्यंत टिकणारी. महाग आहे, पण तिथे काटकसर नको. फक्त धारदार कडेपासून जप. एकदा चिरली की सरळ फाटत जाते. दुकानात टेप किती अंश सोसते याबरोबर किती व्होल्ट सोसते तेही विचार. साधी काळी पीव्हीसी ८० अंशांच्या आसपासच दम सोडते.