सिटिकोलिनच्या गोळ्यांनी मेंदूच्या पेशी खरंच वाचतात का?

तुम्ही लिहिलंय की बाबांना महिन्यापूर्वी लकवा मारला, मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी होती, आता सिटिकोलिन चालू आहे. त्याने पेशी वाचतील का? महिन्यानंतर वाचवायला काही उरलेलं नसतं हो. जायचं ते बहुतेक पहिल्या काही तासांतच जातं. मोठी रक्तवाहिनी तुंबली तर मिनिटाला साधारण 19 लाख न्यूरॉन, असा जेफ्री सेव्हर यांचा 2006 सालचा हिशोब आहे. सिटिकोलिनची मोठी चाचणी 2012 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. स्पेन, पोर्तुगाल आणि जर्मनीतले 2298 रुग्ण, 24 तासांच्या आत औषध सुरू, सहा आठवडे डोस. फायदा दिसला नाही. पुढे चालवून उपयोग नाही म्हणून ती मध्येच थांबवली.

खरं तर इथेच थांबायला हवं. पण ‘पेशी वाचवणं’ हे शब्द दिसले की माझं डोकं फिरतं. माझी पीएचडी त्यावरच होती.

आम्ही एका वनस्पतीचा अर्क उंदरांना द्यायचो. (नाव सांगत नाही, उद्या कुणीतरी बाटलीत भरून विकेल.) मग भूल देऊन मानेतल्या कॅरोटिडमधून, म्हणजे मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमनीतून, नायलॉनचा बारीक धागा वर सरकवायचा. दीड-दोन सेंटिमीटर गेल्यावर बोटाला किंचित अडथळा जाणवतो, तिथे मेंदूची मधली धमनी बंद झालेली असते. ठरलेल्या वेळेने धागा काढायचा. दुसऱ्या दिवशी मेंदूच्या दोन-दोन मिलिमीटरच्या चकत्या करून टीटीसी नावाच्या रंग आणणाऱ्या रसायनाच्या द्रावणात ठेवायच्या. जिवंत भाग गाजरासारखा लाल होतो, मेलेला पांढराफटक राहतो. पहिल्या बॅचमध्ये अर्क दिलेल्या उंदरांचा पांढरा भाग जवळजवळ निम्माच होता. सरांनी त्या दिवशी सगळ्या लॅबला वडापाव खिलवला.

मला खटकलं ते वेगळंच. अर्क दिलेले उंदीर भूल उतरली तरी तासन्‌तास सुस्त पडून असायचे, आणि हातात घेतले की गार लागायचे. गुदद्वारातून प्रोब घालून पाहिलं तर तापमान 33 च्या आसपास. अंग गार असलं की पेशींची ऊर्जेची भूक कमी होते, एटीपी हे पेशीचं इंधन हळू संपतं, ग्लुटामेट हे पेशींना अति उत्तेजित करणारं रसायन कमी सांडतं, त्यामुळे पेशीत घुसून तिला मारणारा कॅल्शियमचा लोंढा आवरतो. म्हणजे पेशी वाचवत होती ती थंडी. पुढच्या बॅचला मी हीटिंग पॅड लावून सगळ्यांना 37 वर धरलं. दोन्ही गटांच्या चकत्या शेजारी शेजारी ठेवल्या, तर कुठल्या कुणाच्या हे ओळखू येईना.

मी काही नवीन शोध लावला नव्हता. एमके-801 नावाच्या ग्लुटामेट अडवणाऱ्या औषधाचं हेच झालं होतं. बुकन आणि पल्सिनेली यांनी 1990 मध्येच जर्बिल या उंदरासारख्या प्राण्यांवर दाखवलं होतं की गुण औषधाचा नाही, उतरलेल्या तापमानाचा आहे. तो पेपर मी सरांच्या टेबलावर ठेवला. सर म्हणाले, ‘‘तुझ्या पॅडमुळे उंदरांना स्ट्रेस आला असेल. पहिल्या बॅचचेच आकडे घे आणि पेपर लिहायला बस.’’

विचारलं नसलंत तरी सांगते, या क्षेत्राचं घोडं इथेच अडलंय. 2006 साली ओ’कॉलिन्स आणि सहकाऱ्यांनी मोजदाद केली: पेशी वाचवण्याचे 1026 उपाय प्रयोगांत तपासले गेले, त्यातले 114 माणसांपर्यंत पोचले. गुठळी विरघळवणारं औषध सोडलं तर हातात काय राहिलं, ते तुम्हाला दिसतंच आहे. उंदीर तरणाबांड, ना साखर ना बीपी, औषध धागा घालायच्या आधी किंवा लगेच. तुमचे बाबा किती तासांनी दवाखान्यात पोचले? आमच्याकडे तर मोठ्या काकांना ‘झोपेत हात दबला असेल’ म्हणून सकाळभर तेल चोळत बसले होते. कोणी आजही विचारलं की पहिली बॅच बरोबर की दुसरी, तर माझं उत्तर ठरलेलं आहे: दुसरी.

आता थोडं सावरून घेते. मी डॉक्टर नाही. माझ्या सांगण्यावरून गोळ्या बंद करू नका, न्यूरॉलॉजिस्टना स्पष्ट विचारा. जपानमध्ये एडारावोन हे पेशी वाचवण्यासाठीचं औषध 2001 पासून स्ट्रोकसाठी (म्हणजे अशाच लकव्यासाठी) वापरतात, तेव्हा ‘सगळंच फोल’ असंही मी म्हणत नाही. आणि बाबांचा हात सुधारला तर तो मेल्या पेशी उठून बसल्याने नव्हे, उरलेल्या पेशी नवीन काम शिकल्याने. म्हणून पैसे मोजकेच असतील तर फिजिओथेरपीवाल्याला रोज बोलवा. गुठळी पुन्हा होऊ नये म्हणून दिलेली गोळी आणि बीपीची गोळी एक दिवसही चुकवू नका.

कुणी ‘मेंदूच्या पेशी वाचवणारी’ पावडर आणून दिली, वर पेपरही दाखवला, तर त्यात उंदरांचं तापमान लिहिलंय का एवढं बघा. आमचा पेपर छापून आला. त्यात तापमानाची ओळ नाही, आणि लेखकांमध्ये पहिलं नाव माझं आहे.